पाचवे निकेल: खोटे ठरलेल्या एका खऱ्या नाण्याचे प्रकरण

अमेरिकेत पाच सेंटांच्या नाण्याला 'निकेल' म्हणतात. तिथल्या टाकसाळीने १८८३ ते १९१२ या काळात 'लिबर्टी हेड' प्रकारचे निकेल पाडले. त्याची रचना टाकसाळीचे मुख्य खोदकार चार्ल्स बार्बर यांची होती. दर्शनी बाजूवर स्वातंत्र्यदेवतेचे डावीकडे पाहणारे मुख, भोवती तेरा तारे आणि खाली वर्ष, तर मागील बाजूवर पानाफुलांच्या चक्रात पाचाचा रोमन अंक अशी ही साधी मांडणी आहे. १९१३ च्या सुरुवातीला तिची जागा बायसनचे चित्र असलेल्या नव्या 'बफेलो' नाण्याने घेतली. टाकसाळीच्या हिशेबानुसार लिबर्टी हेड प्रकारचे १९१३ चे एकही नाणे अस्तित्वात असायला नको. प्रत्यक्षात अशी पाच नाणी आहेत आणि जगातील सर्वांत प्रसिद्ध दुर्मीळ नाण्यांत त्यांची गणना होते.

या पाचांपैकी एक नाणे १९६२ नंतर खोटे ठरवले गेले, सुमारे चार दशके एका घरातील कपाटात पडून राहिले आणि २००३ मध्ये खरे असल्याचे सिद्ध झाले. संग्राहकांच्या जगात ते 'वॉल्टन नाणे' म्हणून ओळखले जाते. त्याची कहाणी सहसा नशिबाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मौल्यवान नाणे हाताळण्याचा प्रश्न ज्याच्यापुढे केव्हा ना केव्हा येणार आहे, अशा संग्राहकाने, वारसाने किंवा वकिलाने मात्र या प्रकरणातील प्रत्येक हस्तांतर वेगळे काढून तपासावे. हे नाणे कोणाच्या हुशारीमुळे वाचले नाही. ज्यांच्या हातात ते होते त्यांनी धातूला काहीही केले नाही, म्हणून ते वाचले, असे माझे मत आहे आणि ते कसे, हे पुढे मांडले आहे.

नाण्याचा आधीचा प्रवास

ही पाच नाणी टाकसाळीतून बाहेर कशी आली, याची अधिकृत नोंद नाही. संशयाची सुई नेहमी सॅम्युएल ब्राउन यांच्याकडे वळते. ते फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत नोकरीला होते आणि पुढे ती सोडून गेले. डिसेंबर १९१९ मध्ये त्यांनी अमेरिकी नाणे-संग्राहक संघटनेच्या मासिकात जाहिरात देऊन १९१३ चे लिबर्टी निकेल प्रत्येकी ५०० डॉलरला विकत घेण्याची तयारी दाखवली. तोवर असे नाणे असल्याचे कोणाच्या कानावरही नव्हते. पुढच्याच वर्षी शिकागो येथील संघटनेच्या अधिवेशनात त्यांनी ते दाखवले. जाहिरात आधी आणि नाणे नंतर हा क्रम पाहता, आपल्याजवळ आधीच असलेल्या मालाला 'विकत घेतल्याचा' मुखवटा चढवण्याचा तो खटाटोप असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मलाही दुसरे कारण दिसत नाही.

पुढे पाचही नाणी कर्नल एडवर्ड ग्रीन यांच्या संग्रहात गेली. १९३६ मध्ये ग्रीन वारले आणि त्यानंतर काही वर्षांत नाण्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्यांतील एक १९४० च्या दशकाच्या मध्यास जॉर्ज वॉल्टन या संग्राहकाकडे आले. रोख पैशाऐवजी ३,७५० डॉलर मूल्याची सोन्याची नाणी देऊन त्यांनी ते मिळवले, असे सांगितले जाते.

या काळातील आणखी एका गोष्टीचा पुढच्या चुकीशी जवळचा संबंध आहे. टेक्सासमधील नाणे-व्यापारी बी. मॅक्स मेल यांनी अनेक वर्षे देशभर जाहिराती देऊन १९१३ च्या लिबर्टी निकेलसाठी ५० डॉलर देऊ केले होते. त्यांना ते नाणे मिळण्याची अपेक्षा नव्हती, जाहिरातीचा खरा हेतू किंमतपुस्तिका विकण्याचा होता. परिणाम असा झाला की महामंदीच्या काळात सामान्य माणूसही खिशातली चिल्लर उलटीपालटी करून १९१३ शोधू लागला. जिथे एवढी मागणी आणि शून्य पुरवठा असतो, तिथे कानशीने अंक घासणारे आणि डाख (जोड देण्याचा वितळवलेला धातू) लावून अंक जोडणारे आलेच. १९०३, १९१० किंवा १९१२ च्या नाण्याचा एखादा अंक बदलून १९१३ तयार करणे हा नाणे-बाजारातला जुना उद्योग झाला. त्यामुळे वॉल्टन यांचे नाणे जेव्हा परक्या तज्ज्ञाच्या टेबलावर गेले, तेव्हा त्या तज्ज्ञाने आयुष्यात पाहिलेली '१९१३' ची बहुतेक सर्व नाणी बनावटच असणार, हे गृहीत धरायला हरकत नाही.

९ मार्च १९६२

वॉल्टन त्या दिवशी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील विल्सन येथे नाण्यांच्या प्रदर्शनाला मोटारीने निघाले होते. वाटेत अपघात होऊन त्यांचा मृत्यू झाला. प्रदर्शनासाठी घेतलेली नाणी गाडीतच होती आणि अपघातस्थळावरून जे गोळा करण्यात आले त्यात हे निकेलही होते.

मालक, नाणे आणि नाण्याविषयीची सगळी माहिती एकाच गाडीत असणे, हा या प्रकरणातला पहिला दोष. चोरीची भीती प्रत्येक संग्राहकाला असते, पण आपण स्वतः मध्येच नाहीसे झालो तर या वस्तूविषयी बोलायला मागे कोण उरेल, हा विचार फार थोडे जण करतात. वॉल्टन यांच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट होता, कारण नाण्याच्या मालकीविषयी हयातीतच धूसरता होती. ते तंबाखू उद्योगातील रेनॉल्ड्स घराण्याचे आहे, असा समज संग्राहकांत पसरला होता आणि बेपत्ता पाचव्या नाण्याचा शोध घेणारे पुढे कित्येक वर्षे त्याच दिशेला पाहत राहिले. संग्राहक सुरक्षेसाठी अशी धूळ मुद्दाम उडवतात, ते समजण्यासारखे आहे. फक्त खरी नोंद कुठेतरी बंद लखोट्यात, वकिलाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये असली पाहिजे. कोणाकडून, कधी, कशाच्या मोबदल्यात घेतले, त्या वेळची दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि वजन, एवढा मजकूर एका पानावर मावतो. ते एक पान वारसांच्या हाती असते तर पुढची एक्केचाळीस वर्षे वाचली असती.

'तारीख बदललेली' हा शेरा

वॉल्टन यांचा संग्रह मोठा होता. वारसांनी तो विक्रीसाठी न्यूयॉर्कमधील एका लिलाव संस्थेकडे सोपवला. बाकीची नाणी लिलावात गेली आणि हे निकेल परत आले. तारीख बदललेली आहे, सबब अस्सल नाही, असा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष काढणाऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. खोट्या नाण्यांच्या सर्व प्रकारांत तारीख बदललेले नाणे हा तपासणाऱ्याची सर्वांत जास्त परीक्षा घेणारा प्रकार आहे, कारण त्यातले जवळजवळ सगळे खरेच असते. टाकसाळीचाच धातू, म्हणजे ७५ टक्के तांबे आणि २५ टक्के निकेल, टाकसाळीचेच ५ ग्रॅम वजन, २१.२ मिलिमीटर व्यास, ठशाची मूळ छाप, सगळे बिनचूक. साच्यात ओतलेले बनावट नाणे वजनकाट्यावर किंवा घनतेच्या चाचणीत पकडता येते. इथे त्या चाचण्या निरुपयोगी ठरतात, कारण बदललेला असतो तो मिलिमीटरभर उंचीचा एक अंक. सगळा निवाडा त्या अंकाच्या मुळाशी भिंग लावून करायचा असतो.

तिथे काय पाहायचे ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. ठसा जोराने आदळतो तेव्हा धातू क्षणभर वाहतो आणि ठशाच्या खोलगट भागांत शिरतो, त्यामुळे खऱ्या अंकाची बाजू नाण्याच्या सपाट पृष्ठातून अखंडपणे वर चढलेली दिसते. चिकटवलेल्या किंवा डाख लावून जोडलेल्या अंकाच्या पायथ्याशी, प्रकाश अगदी तिरपा टाकला की, बारीक फट, डाख किंवा रंगातला फरक दिसतो. जुना अंक कोरून नवा घडवला असेल तर भोवतीच्या पृष्ठावर हत्याराचे ओरखडे राहतात आणि ते लपवण्यासाठी तेवढ्याच भागाला घासून गुळगुळीत केलेले असते; नाणे हळूहळू फिरवले की बाकीच्या पृष्ठावर प्रकाश जसा सरकतो तसा त्या तुकड्यावर सरकत नाही. आणखी एक चलाखी म्हणजे दोन नाणी आतून कोरून त्यांचे अर्धे भाग एकमेकांत बसवणे. तिची खूण दर्शनी पृष्ठावर नसतेच, ती कडेवर किंवा कडेलगतच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला शोधावी लागते. म्हणून कडा न पाहता दिलेला कोणताही अभिप्राय मी अर्धा मानतो.

यानंतरही एक निर्णायक पायरी उरते आणि याच पायरीवर १९६० च्या दशकातली तपासणी लंगडी पडली. एकाच ठशाच्या जोडीतून निघालेल्या नाण्यांवर त्या ठशाचे व्यंगही सारखेच उमटते: ठसा घासताना पडलेल्या सूक्ष्म रेषा, एखादा कमी उठलेला तारा, कडेच्या दातेरी नक्षीपासून अंकांचे अंतर. बदललेल्या नाण्याचा अंक कितीही सफाईने बसवला असला, तरी त्याची बाकी सगळी छाप १९०३ किंवा १९१२ च्या कोणत्यातरी ठशाची असते आणि ती १९१३ च्या खऱ्या नाण्यांशी जुळूच शकत नाही. म्हणजे या नाण्याचा खरेपणा ठरवण्याचे सर्वांत भक्कम साधन म्हणजे उरलेली चार नाणी. ती चारही शेजारी ठेवून पाहण्याची संधी त्या काळी कोणालाच नव्हती. वेगवेगळ्या मालकांकडे विखुरलेली नाणी एकाच खोलीत आणणे कोणाच्या आवाक्यातले नव्हते.

मग तपासनिसाने काय लिहायला हवे होते? 'खोटे' आणि 'खरे' यांच्या मधला तिसरा अभिप्राय प्रत्येक प्रामाणिक तपासनिसाजवळ असतो: 'अमुक कारणासाठी संशयास्पद, ज्ञात नाण्यांशी तुलना केल्याशिवाय निर्णय देता येत नाही.' या एका ओळीमुळे वारसांना पुढचा रस्ता दिसला असता. 'तारीख बदललेली' हा नुसता शेरा मात्र रस्ता बंद करतो, कारण तो ज्यांच्या हाती पडतो त्यांना नाण्यांतले काही कळत नसते आणि देणाऱ्याच्या नावाचा दबदबा असतो. वारसांच्या बाजूने पाहिले तर त्यांनीही एवढे विचारायला हवे होते की कोणता अंक बदललेला आहे, तो कशावरून ओळखला आणि हे छायाचित्रासह लेखी मिळेल का. ज्याला कारण सांगता येते त्याच्या मताला वजन द्यावे आणि जो फक्त निकाल सांगतो त्याच्याकडून नाणे आभार मानून परत घ्यावे.

कपाटातली चाळीस वर्षे

नाणे वॉल्टन यांच्या बहिणीकडे, व्हर्जिनिया राज्यात, आले आणि घरातील कपाटात राहिले. १९९२ मध्ये त्या वारल्यावर ते त्यांच्या मुलांकडे गेले.

हा कालखंड कहाणीत एका वाक्यात संपतो, पण नाणे जपण्याच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचा काळ हाच होता. ज्या वस्तूला तज्ज्ञाने निरुपयोगी ठरवले आहे तिच्याशी घरात काय होते, हे आपण सगळे जाणतो. ती मुलांच्या खेळण्यात जाते, कोणीतरी 'जरा चमकवून बघू' म्हणून तिला पितळेची पॉलिश लावते, कोणी तिच्यात भोक पाडून साखळीत ओवते, नाहीतर ती पाच सेंटांना खर्चून टाकली जाते. यातले काहीही झाले नाही. दिवंगत भावाची आठवण म्हणून ते ठेवले गेले असेल, किंवा नुसते विसरले गेले असेल. धातूच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच.

चमकवण्याविषयी थांबून बोलायला हवे, कारण दुर्मीळ नाण्यांचे सर्वाधिक नुकसान चोरांपेक्षा स्वच्छताप्रिय माणसांनी केले आहे. टाकसाळीतून निघालेल्या नाण्याच्या पृष्ठावर धातूच्या प्रवाहाच्या अतिसूक्ष्म रेषा असतात आणि त्यांच्यावर प्रकाश पडून नाण्याला जिवंत झळाळी येते. कापडाने, दंतमंजनाने, चिंचेने किंवा बाजारातल्या पॉलिशने घासले की त्या रेषा जातात आणि त्यांच्या जागी केसासारखे समांतर ओरखडे उरतात. नाणे चकचकीत दिसते, पण भिंगाखाली त्याची कातडी सोललेली असते, आणि हे नुकसान परत भरून काढण्याचा कोणताही उपाय जगात नाही. काळाने चढलेली छटा, मग ती करडी असो वा निळसर, ही धातूचे संरक्षणही असते आणि नाणे छेडलेले नाही याचा पुरावाही. शुद्ध ॲसिटोनमध्ये न घासता बुडवून काढण्यासारखे जे मोजके उपाय तज्ज्ञ वापरतात, ते तेलकट किंवा प्लास्टिकजन्य थर काढण्यापुरते असतात आणि तेही ज्याला कशासाठी करतो आहोत हे नेमके कळते त्यानेच करावेत.

साठवणुकीचे धोके याहून चोरपावलांनी येतात. मऊ, लवचिक आणि उग्र वासाची पीव्हीसीची पाकिटे नाण्यांच्या बाजारात एके काळी सर्रास वापरली जात. त्यांतील द्रव्य झिरपून आणि प्लास्टिक विघटित होऊन आम्ल तयार होते आणि तांबे असलेल्या नाण्यावर हिरवा चिकट थर धरतो. तो वेळेत निघाला नाही तर पृष्ठ खाल्ले जाते. साध्या कागदी पाकिटांतील आणि रबर बँडमधील गंधक नाणे काळवंडते. ओकसारख्या लाकडाच्या पेटीतून आम्लयुक्त वाफा निघतात, म्हणून देखण्या लाकडी खणांपेक्षा पॉलिएस्टरची कडक पाकिटे किंवा निष्क्रिय प्लास्टिकचे कुपीवजा साचे बरे. हवेतील दमटपणा ४० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली स्थिर ठेवावा, सिलिका जेलची पुडी ठेवली तर ती वेळेवर बदलावी आणि तापमानात मोठे चढउतार होतील अशा माळ्यावर किंवा तळघरात नाणे ठेवू नये. तांबे-निकेलचा मिश्रधातू निव्वळ तांब्यापेक्षा सोशीक असतो, हे या प्रकरणात नाण्याच्या पथ्यावर पडले. त्या कपाटात तांब्याचा लाल सेंट असता तर त्याचा रंग टिकलाच असता, असे मी म्हणणार नाही.

शेजारी ठेवून पाहण्यासारखे उदाहरण याच पाच नाण्यांत आहे. त्यांतील एक जे. व्ही. मॅकडर्मॉट यांच्याकडे होते. ते नाणे खिशात घेऊन फिरत, मद्यालयात बसून कोणाच्याही हातात देत, आणि हजारो लोकांनी ते पाहिले याचा त्यांना आनंद होता. आज ते कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील संघटनेच्या संग्रहालयात आहे आणि पाचांपैकी उघड झीज दिसणारे नाणे तेच आहे. याउलट लुई एलिआसबर्ग यांच्या संग्रहातून आलेले नाणे पाचांत सर्वांत चांगल्या अवस्थेत असून १ ते ७० च्या प्रतवारीत त्याला ६६ गुण आहेत. दोन्ही एकाच ठशाची लेकरे. फरक पडला तो हातांमुळे. मॅकडर्मॉट यांच्यावर मला राग मात्र धरता येत नाही, लोकांना आनंद देऊन झिजलेले ते एकमेव नाणे आहे.

बाल्टिमोरची रात्र

२००३ मध्ये संघटनेचे उन्हाळी अधिवेशन बाल्टिमोर येथे भरणार होते आणि तिथे ज्ञात चारही नाणी एकत्र मांडण्याचे ठरले. त्या निमित्ताने एका व्यापारी संस्थेने पाचव्या नाण्यासाठी दहा लाख डॉलर देऊ केले आणि ते प्रथम दाखवणाऱ्याला १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. बातमी देशभर छापून आली. वॉल्टन यांच्या बहिणीच्या मुलांनी कपाटातले नाणे काढले आणि ते घेऊन ती बाल्टिमोरला पोहोचली. २९ जुलैच्या रात्री उशिरा अधिवेशनस्थळाच्या बंदोबस्तातील खोलीत सहा तज्ज्ञांनी ते इतर चार नाण्यांशेजारी ठेवून तपासले आणि खरे असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पाचही नाणी साठहून अधिक वर्षांनी एकत्र आली होती.

हाताळणीच्या दृष्टीने या रात्रीत तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, कुटुंबाने नाणे टपालाने कोणाकडे पाठवले नाही. ते स्वतः घेऊन गेले आणि तपासणी त्यांच्या उपस्थितीत झाली. दुसरी, तपासणारे एक नव्हते, सहा होते. ज्या संस्थेने नाणे विकत घेण्याची तयारी दाखवली तिच्याच पुढाकाराने तज्ज्ञ जमावेत, हे एरवी मला खटकले असते, कारण विकत घेणाऱ्याचा कल नाण्याला कमी लेखण्याकडे असू शकतो. परंतु एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले जाणकार एकाच टेबलाभोवती असले की एकाची सोय दुसऱ्याला चालत नाही. तिसरी आणि निर्णायक गोष्ट म्हणजे तुलनेसाठी उरलेली नाणी प्रत्यक्ष समोर होती.

अशा टेबलावर नाणे कसे धरतात, हे पाहिलेल्या माणसाच्या ते कायम लक्षात राहते. खाली जाड मऊ कापड किंवा मखमलीची गादी असते आणि हात तिच्यापासून वीतभरही वर जात नाहीत, म्हणजे निसटलेच तर नाणे पडते ते मऊवर. अंगठा आणि तर्जनी फक्त कडेला टेकतात. दोन्ही पृष्ठांना बोट लागत नाही, कारण बोटावरील घाम आणि तेल आज दिसत नसले तरी काही महिन्यांनी तो ठसा धातूत कोरल्यासारखा उमटतो. सुती हातमोज्यांची प्रतिष्ठा मोठी असली तरी त्यांनी पकड सैल होते आणि त्यांत अडकलेला धुळीचा कणच ओरखडा काढतो. म्हणून नायट्राइलचे घट्ट मोजे किंवा नुकतेच धुऊन पूर्ण कोरडे केलेले उघडे हात अधिक भरवशाचे. नाण्यावर ओणवे होऊन बोलायचे नाही, कारण थुंकीचा अदृश्य थेंबही काळा डाग धरतो. एका हातातून दुसऱ्या हातात नाणे थेट द्यायचे नाही. पहिल्याने ते गादीवर ठेवायचे आणि दुसऱ्याने तिथून उचलायचे. लाखो डॉलरची नाणी हस्तांतराच्या त्या अर्ध्या क्षणातच पडतात.

तपासणीसाठी नाणे देणे आणि त्याचा ताबा देणे यांत फरक आहे, ही गोष्टही याच ठिकाणी नोंदवायला हवी. १९३३ च्या 'डबल ईगल' या वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्यांच्या प्रकरणात एका कुटुंबाने २००४ मध्ये आपल्याकडे सापडलेली दहा नाणी खरेपणा पडताळण्यासाठी अमेरिकी टाकसाळीच्या हवाली केली. टाकसाळीने ती खरी ठरवली आणि मग सरकारी मालमत्ता म्हणून परत देण्यास नकार दिला. खटला वर्षानुवर्षे चालला. २०१६ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. १९१३ च्या निकेलवर सरकारने असा दावा कधी सांगितला नाही, जरी त्यांचा जन्मही तितकाच संशयास्पद आहे. ज्या नाण्याच्या टाकसाळीतून बाहेर पडण्याविषयीच प्रश्न आहे, ते कोणाच्याही हाती देण्यापूर्वी वकिलाचा सल्ला आणि ताब्याविषयी लेखी करार हवा, तो त्यासाठीच.

खरे ठरल्यानंतर

दहा लाखांचा प्रस्ताव समोर असूनही कुटुंबाने नाणे लगेच विकले नाही. ते कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या संग्रहालयाला प्रदर्शनासाठी उसने देण्यात आले आणि पुढील दशकाचा बहुतेक काळ तिथेच राहिले. हा निर्णय मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा वाटतो. संग्रहालयात नाण्याला नियंत्रित हवा आणि पहारा मिळाला, जो घरात मिळणे शक्य नव्हते. दरम्यान हजारो लोकांनी आणि कितीतरी जाणकारांनी ते पाहिले, त्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि २००३ चा निर्णय कोणी खोडून काढला नाही. म्हणजे बाजारात जाण्यापूर्वीच त्याच्या खरेपणाला उघड्यावर दहा वर्षे टिकण्याची कसोटी लागली. शिवाय नाणे एक आणि वारस अनेक असताना घाईने वाटणी करण्यापेक्षा सर्वांचे एकमत होईपर्यंत वस्तू त्रयस्थाकडे सुरक्षित राहणे कुटुंबासाठीही बरे असते.

उसने देताना करार कसा असावा, याबद्दल थोडक्यात: नाणे पोहोचताना आणि परत येताना दोन्ही वेळी दोन्ही पक्षांसमक्ष स्थितीची लेखी नोंद आणि मोठ्या आकाराची छायाचित्रे, 'घरापासून घरापर्यंत' वाहतुकीसह विमा, आणि तोही ठरलेल्या रकमेचा, नाणे साच्यातून कोणी व केव्हा काढू शकेल याची मर्यादा. नेण्या-आणण्याची वेळ आणि मार्ग मोजक्याच लोकांना माहीत असावेत. १९६२ सालची एकट्याने केलेली मोटारीची सफर आठवली की याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

विक्रीपूर्वी नाण्याला प्रूफ (खास काळजीने पाडलेले नाणे) ६३ अशी प्रत देऊन ते पारदर्शक, बंद साच्यात घालण्यात आले. अशा साच्याचा मोठा फायदा म्हणजे नाणे कितीही हातांत गेले तरी धातूला कोणी स्पर्श करत नाही. त्याचा तोटाही ध्यानात ठेवावा: साच्यात कडा पूर्ण दिसत नाही आणि साचे व त्यांवरील चिठ्ठ्यांचीही नक्कल होते, म्हणून क्रमांक प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या नोंदीशी आणि तिच्याकडील छायाचित्राशी ताडून पाहावा. प्रतवारीचे गुण हे तज्ज्ञांचे मत आहे. ते मोजपट्टीने काढलेले माप नाही.

२५ एप्रिल २०१३ रोजी इलिनॉय राज्यातील शॉमबर्ग येथे लिलाव झाला. २५ लाख डॉलरचा अंदाज होता. नाणे ३१,७२,५०० डॉलरला गेले. विक्रीच्या माहितीपत्रकात त्या जुन्या चुकीच्या निष्कर्षाची आणि कपाटातल्या वर्षांची हकीकत लपवलेली नव्हती, ती नाण्याच्या वंशावळीचाच भाग म्हणून छापली गेली. विक्रेत्यांच्या सल्लागारांनी इथे अचूक ओळखले की एकदा नाकारले जाऊन पुन्हा सिद्ध झालेल्या नाण्याच्या बाबतीत ग्राहकाला पोकळी नको असते: १९६२ ते २००३ या काळात ते नेमके कुठे होते, कोणाच्या ताब्यात होते आणि त्याला कोणी हात लावला, याचे उत्तर त्याला हवे असते. अपघातस्थळ, लिलाव संस्थेतून परतीचा प्रवास, एकाच कुटुंबातील ताबा, बाल्टिमोरची तपासणी आणि संग्रहालयातील वास्तव्य या ओळीने मांडलेल्या नोंदींनी ते उत्तर दिले. नव्या मालकाला साच्याबरोबर मिळालेल्या वस्तूंत पुढच्या विक्रीच्या वेळी सर्वाधिक उपयोगी पडणारी वस्तू कोणती, असे विचारले तर मी त्या नोंदींकडेच बोट दाखवीन. आणि त्यांची एक प्रत नाण्यापासून दूर, वेगळ्या ठिकाणी ठेवायला सांगेन.